अस्वलाच्या गळ्याची गाठ

३ फेब्रुवारी

हॉस्पिटलातल्या सिस्टरने ही डायरी दिली. गेल्या वर्षाची आहे, औषध कंपनीची. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या बाटलीचं चित्र. वार एकाने मागे आहेत. छापलंय सोमवार, आज आहे मंगळवार. म्हणाली, "बाकावर बसून नखं कुरतडतोस, त्यापेक्षा लिहीत बस." सातवीत शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही.

शनिवारी लंबू पेटला.

एवढं लिहून खाली जाऊन चहा पिऊन आलो. आता पुढचं.

लंबू आणि मी एका खोलीत राहतो आणि एकाच खेळण्यांच्या दुकानात कामाला आहोत. तो अस्वल, मी वाटाड्या. केसाळ पोशाखाच्या आत माणूस असतो. त्याला जाळीतून समोरचं जरा दिसतं, पायाखालचं काहीच नाही. म्हणून कुणीतरी पंजा धरून त्याला चालवावं लागतं. दुकानात मुलांचे वाढदिवस करतात. अस्वलाने यायचं, वाकून केकचा वास घ्यायचा, मग पोट धरून उड्या मारायच्या. हा नाच मॅनेजरने बसवून दिलेला आहे. तोंडातून शब्द काढायचा नाही. अस्वल बोलत नसतं.

शनिवारी केकवर ठिणग्या उडवणारी मेणबत्ती होती. लंबू वाकला. पोटाच्या केसांवर ठिणगी पडली आणि वाळक्या गवतावरून वारा जावा तशी आग पोटावरून गळ्याकडे गेली. लंबू पोट धरून उड्या मारायला लागला. पोरं टाळ्या पिटायला लागली. त्यांचे आईबापसुद्धा. मीही वाजवली असेल एखादी.

पोशाखाचं डोकं निघेना, कारण ते बांधलेलं होतं. पोरं ओढतात म्हणून आम्ही हनुवटीखालच्या दोन लूपांतून बुटाची नाडी ओवतो आणि गाठ केसांत दडवतो. मुलांसमोर डोकं निघालं तर दोघांचाही त्या दिवसाचा पगार जाईल, असं मॅनेजरने पहिल्या दिवशीच बजावलं होतं. गाठ मी मारतो. त्या दिवशीही मीच मारली होती. पक्की मारतो मी. शेवटी वाढदिवसाच्या मुलीच्या आजीने केकची सुरी पुढे केली, त्या सुरीने मी नाडी कापली. टेबलावरचं कापड, सरबताचे जग, हाताला लागेल ते टाकून आग विझवली.

अँब्युलन्समध्ये डोकं माझ्या मांडीवर होतं. अस्वलाचं. ते बरोबर का आणलं, मला सांगता येणार नाही.

६ फेब्रुवारी

लंबूची मान, छाती आणि दोन्ही हात. धूर आत गेला म्हणून घसाही. डॉक्टर म्हणाले जगेल. मी म्हटलं, मग काय, जगणारच.

मॅनेजर फळं घेऊन आला. लंबूला पाणीसुद्धा नळीने देतात आणि हा सफरचंदं घेऊन आला. पलंगाकडे न बघता मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "डोकं कुठे आहे?"

"माझं? ठिकाणावर आहे."

"पोशाखाचं रे. दुकानाची वस्तू आहे ती. बाकीचा पोशाख आम्ही टाकून दिला, वास येत होता."

"टाकून दिला? इतक्यात?"

"तू उद्या डोकं घेऊन ये."

नाही नेलं. खोलीतल्या कपाटावर ठेवलंय. एक गाल काळा पडलाय, दुसरा आहे तसाच गुबगुबीत. सकाळी डोळे उघडले की तेच पहिलं दिसतं.

सफरचंदं सिस्टरला दिली. तिने एक कापून मलाच खायला लावलं. तिला लंबूची फार काळजी. रोज मला विचारते, जेवलास का.

११ फेब्रुवारी

लंबू बोलला. आवाज फाटक्या भोंग्यासारखा. मी कान जवळ नेला, वाटलं पाणी मागतोय. म्हणाला, "केक कोणी खाल्ला?"

जिन्यात जाऊन इतका हसलो की झाडूवाली मावशी म्हणाली, रडू नकोस बाळा.

२० फेब्रुवारी

मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. एसी लावलेला, पंखाही लावलेला. पुढ्यात टाईप केलेला कागद. मी वाचायला वेळ लावतो तर म्हणाला, "साधंच आहे, सही कर." मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. 'सदर कर्मचारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' भाजला, म्हणे. सांगितलेल्यापेक्षा जास्त वाकला. आणि दोघांनी स्वतःच्या मनाने पोशाखाला नाडी बांधली.

म्हटलं, "साहेब, नाडीचं तुम्हीच सांगितलं होतं."

"मी म्हणालो, डोकं निघता कामा नये. बांधा असं म्हणालो का?"

"मग काय, मुलांची समजूत काढायची होती?"

तो हसला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नवा पोशाख आलाय. अस्वल तू हो. पगार जास्त. लंबूलाही बरा झाला की काउंटरवर खुर्ची देऊ. बसून काम. फक्त सही."

मी पेन घेतलं, टोपण लावलं, आणि त्याच्याच खिशात ठेवलं. "निष्काळजी माणसाला खुर्ची कशाला देता? पडेल."

नोकरी गेली. जिना उतरताना फार बरं वाटत होतं. खोलीवर येईपर्यंत तेवढं राहिलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन. तिला वाटतं मी दुकानाच्या ग्राहक विभागात आहे. म्हणाली, "काय रे, साहेब लोक बरे आहेत का?" म्हटलं, माझ्यावर फार जीव आहे त्यांचा.

२ मार्च

वकीलबाई भेटल्या. सिस्टरच्या ओळखीतल्या. ऑफिस टायरच्या दुकानावर. खाली हातोडे पडतात, वर बाई बोलतात, मधूनमधून थांबावं लागतं. मला वाटलं होतं आधी फी विचारतील. त्यांनी विचारलं, "डोकं कुठे आहे?" मॅनेजरनेही हेच विचारलं होतं, पण मॅनेजरला ते नको म्हणून हवं होतं.

मी विचारलं, भांडायचं कुणाशी? दुकानाशी की पोशाख शिवणाऱ्याशी?

"दोघांशी. दुकान म्हणेल, आम्हाला काय माहीत कापड असं पेटतं. पोशाखवाला म्हणेल, मी काय मेणबत्तीपुढे उभं राहायला सांगितलं होतं? दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मग दोघं मिळून लंबूकडे. आपण एवढंच धरून बसायचं. माणसाने अंगात घालायच्या वस्तूला असं कापड का लावलं? लावलं तर तसं सांगितलं का नाही? आणि त्यात माणूस घालून त्याला आगीपुढे वाकवला कुणी?"

"आणि गाठ?"

खाली हातोडा चालू होता. तो थांबेपर्यंत बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"गाठ तुझ्यावर टाकतील. मग त्या मानाने लंबूची भरपाई कापा म्हणतील, कारण तू त्याचा सोबती. विचारलं तर खरं सांग. न विचारता सांगू नकोस."

मी खरं बोलायला घाबरत नाही. पण माझ्या खऱ्याने लंबूचं नुकसान होणार असेल तर ते खरं घेऊन मी काय करू?

९ मार्च

पोशाखवाल्याकडे एकटाच गेलो. बाईंना विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या. लांबलचक खोली, शिलाई मशीन ओळीने, भिंतीला ससे, वाघ, कोंबडा, सगळे बिनमाणसाचे लोंबतायत. मालक स्वभावाने गोड. म्हणाला, फार वाईट झालं. म्हणाला, हे कापड मुळात उशांसाठी, गालिच्यांसाठी येतं.

"मग त्यात माणूस का शिवला?"

"पेट न घेणारं कापड महाग पडतं, जड असतं, आणि केस इतके मऊ येत नाहीत. मुलांना मऊ आवडतं ना."

"पेटतं हे दुकानाला सांगितलं होतं?"

"अहो, केसाळ वस्तू पेटते हे लहान पोरालाही कळतं."

लहान पोरं टाळ्या वाजवत होती, हे त्याला सांगायचं राहून गेलं. रस्त्यात आठवलं. मला नेहमी रस्त्यातच आठवतं.

२८ मार्च

दुकानाने पोलिसात कळवलं की मी त्यांची वस्तू पळवली. हवालदार खोलीवर आला, कपाटावर बघून दचकला. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं, पुरावा आहे, कोर्टात जमा करतोय. हवालदार जाता जाता म्हणाला, "झाकून तरी ठेव रे, माणूस मरेल घाबरून."

डोकं आता कोर्टात. कपाटावर धुळीत गोल डाग उरलाय. पुसला नाही.

१७ मे

गोदामात खोकी उचलायचं काम. पाठ मोडते. लंबू खोलीवर आलाय. त्याला मी भरवतो. घास मोठा झाला की तो कोपर मारतो.

आज दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मॅनेजर त्याला एकट्याला भेटून गेला होता. खुर्ची अजून आहे म्हणे. लंबू म्हणाला, "सही करून टाकू का? आई एकटी आहे माझी. हे हात आता ओझं उचलणार नाहीत."

"निष्काळजी म्हणून सही करशील?"

"शब्दाने काय अंगाला भोकं पडतात?"

"मला पडतात!"

"भाजलो मी आणि भोकं तुला. वा रे वा."

मी भांडी आवरायला लागलो. शेवटी लंबू म्हणाला, "गाठीबद्दल मी तुला एका शब्दाने तरी बोललो का?"

"नाही."

"मग?"

मग काय मग? हा माणूस विषय बदलण्यात पटाईत आहे. मी चप्पल घालून बाहेर पडलो.

१८ मे

काल बॅग घेऊन स्टँडवर गेलो होतो. मी आजवर एकही नोकरी, एकही गाव धरून राहिलेलो नाही. कंटाळा आला की निघतो, माझा स्वभावच तो. गाडी लागली होती, खिडकीची जागाही मिळाली होती. मग लक्षात आलं, चार्जर खोलीवर राहिला. नवा चार्जर घ्यायचा म्हणजे उगाच खर्च. म्हणून परत आलो.

लंबूने विचारलं, बॅग का घेतली होतीस? म्हटलं, भाजी आणायला. म्हणाला, भाजी कुठाय? म्हटलं, महाग होती.

त्याने अजून सही केलेली नाही. मीही विचारलं नाही.

४ सप्टेंबर

मधले महिने खोकी आणि तारखा. लिहिण्यासारखं काही नाही. लंबूची बोटं आता पेला धरतात.

तपासणीचा कागद आला. डोक्याच्या कानामागचा तुकडा कापून नेला होता. बाईंनी वाचून दाखवलं. ज्वाला लावताच केसांच्या टोकांवरून आग झपाट्याने पसरते, खालचं कापड वितळून चिकटतं. अंगात घालायच्या वस्तूसाठी अयोग्य. 'अयोग्य' त्यांनी दोनदा वाचलं.

लंबू म्हणाला, "म्हणजे अस्वलाचे कान टोचले. बारशाला बोलवायचं होतं."

१२ नोव्हेंबर

आज माझी साक्ष झाली.

दुकानाचा वकील मऊ बोलणारा. शाळा किती, नोकऱ्या किती सोडल्या, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "डोकं सहज निघतं, ते नुसतं वर ठेवायचं असतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग त्याला नाडी बांधली कुणी?"

वकीलबाई खाली कागदात बघत होत्या. लंबू मागच्या बाकावर मानेला मफलर गुंडाळून बसलेला.

"मी. रोज मीच बांधायचो. पक्की."

"म्हणजे आग लागली तेव्हा डोकं निघालं नाही ते तुमच्यामुळे."

न्यायाधीशबाई लिहायला लागल्या. लिहून झालं की संपलं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "मॅडम, ते डोकं इथेच आहे ना? बांधून दाखवू का? नुसतं सांगून कळत नाही."

दुकानाचा वकील उठला, म्हणाला हा काय तमाशा. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आणा.

सीलबंद पोतं उघडलं. मी माझ्या बुटाची नाडी काढली आणि डोकं घातलं. नाडी हनुवटीखालच्या लूपांतून ओवली, रोजच्यासारखी गाठ मारली. इतके दिवस बांधलं, पण घातलं मात्र आज पहिल्यांदा.

आत अजून धुराचा वास आहे. आणि आत काही ऐकू येत नाही. बाहेर कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं, पाण्याखालून बोलल्यासारखं. मी रोज लंबूला सांगत चालायचो, पायरी आहे, डावीकडे घे, पोरगं आलंय पुढे, सावकाश. तो मान हलवायचा. त्याला काही ऐकूच येत नसणार. तो नुसता माझ्या हाताच्या भरवशावर चालत होता.

मी आतून जोरात म्हणालो, "साहेब, आता तुम्ही सोडवा." वकिलाला ऐकू गेलं नसावं, कारण न्यायाधीशबाईंनी त्याला पुढे यायला खूण केली. तो आला. केसांत गाठ शोधायला लागला. सापडली तर सुटेना. त्याची नखं माझ्या गळ्याला लागत होती. मला श्वास घ्यायचा होता आणि आत माझाच गरम श्वास फिरत होता. आग नव्हती, घाई नव्हती, तरी मी हात वर नेला आणि ओढायला लागलो. बाहेर कुणी हसत होतं की बोलत होतं, देव जाणे.

शेवटी शिपायाने कात्री आणली.

डोकं निघालं तेव्हा पहिल्यांदा लंबू दिसला. उभा राहिला होता.

न्यायाधीशबाईंनी पोशाखवाल्याला विचारलं, "हे दोन लूप तुम्ही शिवलेत?"

"हो. सुकत घालायला, मॅडम. दोरीला अडकवता यावं म्हणून."

"हनुवटीखाली?"

त्याने आपल्या वकिलाकडे पाहिलं.

"वस्तू उलटी टांगून सुकवता?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला हसू आलं नाही. नाडी ओवता यावी म्हणूनच ते लूप तिथे होते. कुणीतरी बांधणार हे शिवणाऱ्याला आधीच माहीत होतं. दुकानाला माहीत होतं. फक्त मलाच वाटत होतं की गाठ माझी आहे.

बाहेर आल्यावर लंबूला विचारलं, "मी बोलायचो ते तुला ऐकू यायचं का रे?"

"एक अक्षर नाही."

"मग मान का हलवायचास?"

"तू बडबडतोयस एवढं कळायचं. बरं वाटायचं."

९ डिसेंबर

निकाल लागला. पेट घेणारं कापड पोशाखाला लावलं आणि ते सांगितलं नाही, म्हणून पोशाखवाला जबाबदार. त्यात माणूस घालून जळत्या मेणबत्तीपुढे वाकवला, म्हणून दुकान जबाबदार. गाठीबद्दल लिहिलंय की बांधण्यासाठी लूप देणाऱ्याने आणि डोकं निघता कामा नये म्हणणाऱ्याने बांधणाऱ्याला दोष देऊ नये. हे वाक्य बाईंकडून तीनदा वाचून घेतलं. खाली हातोडे चालले होते, त्यांना थांबायला सांगून आलो.

'निष्काळजी' हा शब्द लंबूच्या नावापुढून गेला. दुकान वर अपील करणार म्हणे. करू दे. जिने आम्हालाही चढता येतात.

कोर्टाने एक गोष्ट मात्र दुकानाच्या बाजूने दिली. डोकं त्यांचं आहे, त्यांना परत करा.

"करू ना," लंबू म्हणाला. "आत्ताच."

दोघं निघालो. डोकं माझ्या काखेत, फाटक्या कानाचं, एका गालाने काळं. रस्त्यात लोक वाट देत होते. दुकानाच्या दारावरच्या वॉचमनने मला अडवलं, मग लंबूच्या मानेकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

आत वाढदिवस चालू होता. नवं अस्वल होतं, तसंच मऊ, तसंच केसाळ. मेणबत्ती साधी, पण पेटलेली. अस्वल वाकायच्या बेतात. मी डोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "तुमची वस्तू. मोजून घ्या, एक आहे." काउंटरवरची मुलगी किंचाळली. मॅनेजर आतून धावत आला.

लंबूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरळ जाऊन मेणबत्ती फुंकली. मग अस्वलाचा पंजा धरून त्याला टेबलापासून लांब नेलं. आतला माणूस कोण, कुठला, माहीत नाही, पण निमूट आला. हात कुणाचा ते त्याला दिसत नव्हतं, तरी आला.

मी हनुवटीखाली बोटं घातली. गाठ होती. माझ्यापेक्षा वाईट मारलेली, पण घट्ट.

"हात लावू नकोस!" मॅनेजर ओरडला. "मुलांसमोर डोकं काढलंस तर..."

"तर काय? माझा पगार कापा."

गाठ नखाने सोडवली. डोकं उचललं. आत मिशीवाला गृहस्थ, घामाने डबडबलेला, आमच्या बापाच्या वयाचा. त्याने तोंड उघडून एवढा मोठा श्वास घेतला की पुढची मुलगी दोन पावलं मागे सरली.

मला वाटलं आता पोरं रडणार. वाढदिवसाचा मुलगा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही आत होतात?"

"होतो ना," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

त्याने मॅनेजरकडे पाहिलं. मग लंबूच्या मानेकडे. मग खाली बसला, मुलाच्या उंचीला आला, आणि बोलायला लागला.

नाडी मी खिशात घातली. माझ्या बुटाला एक कमीच होती.